मांजर असलेल्या घरात कापूर, औषधी वनस्पती आणि सुगंधी तेले कितपत वापरावीत?

गोदाकाठ_इंदिरानगर
नमस्कार. आमच्या घरी चिंगी नावाची भाटी आहे. वय तीन वर्षे, वजन सव्वातीन किलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती घराबाहेर कधीच जात नाही. निफाडकडची थंडी सासूबाईंना सोसवेना, म्हणून महिन्यापूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना रात्री खोकल्याची उबळ येते आणि गुडघेही दुखतात. त्यामुळे झोपण्याच्या खोलीत विजेवर चालणारी कापूरदाणी रात्रभर सुरू असते, आणि मागच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने निलगिरीचे तेल घालून वापरण्यासाठी पाण्याची वाफ उडवणारा डिफ्यूझरही आणला. थंडीमुळे खिडक्या बंदच असतात.

चार दिवसांपासून चिंगीच्या डोळ्यांतून पाणी येत आहे आणि हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले दिसतात. एरवी ती सासूबाईंच्या पायाशी झोपते, पण आता स्वयंपाकघरात सिलिंडरच्या मागे जाऊन बसते. काल रात्री ती जमिनीलगत दबून, मान पुढे ताणून खोकल्यासारखा आवाज काढत होती. केसांचा गोळा अडकला असेल असे आम्हाला वाटले, पण बाहेर काहीच पडले नाही.

घरातील कोणत्या वस्तू मांजरासाठी धोक्याच्या आहेत आणि कोणत्या चालतील, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. सासूबाईंचे मन न दुखवता हे कसे करावे, हाही माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मखमलाबादकर
ताई, आधी डिफ्यूझर आणि कापूरदाणी दोन्ही बंद करा, चिंगी आहे त्या खोलीच्या खिडक्या अर्धा तास उघडा आणि मग पुढचे वाचा. गोळा बाहेर टाकताना मांजराचे पोट आत-बाहेर जोरात हलते. मान ताणून, दबून बसून काढलेला आवाज बहुतेक वेळा श्वासनलिकेतून येणारा खोकला असतो. ती खाते आहे का? मांजर चोवीस तास काही खात नसेल, तर त्या एकाच कारणासाठीसुद्धा डॉक्टरांकडे न्यावे लागते, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते.

गोदाकाठ_इंदिरानगर
दोन्ही बंद केले. सकाळी तिने थोडे खाल्ले होते. आज संध्याकाळी डॉक्टरांकडे नेत आहोत.

पशुवैद्य_देवळाली
मी लहान प्राण्यांवर उपचार करते, म्हणून यामागचे कारण जरा विस्ताराने सांगते. कारण लक्षात आले की यादी पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

आपण खाल्लेली, हुंगलेली किंवा त्वचेतून आत गेलेली अनेक रसायने आपले यकृत ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडते, त्यामुळे ती पाण्यात विरघळतात आणि शरीराबाहेर पडतात. या कामातील एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) ज्या जनुकापासून तयार होते, ते यूजीटी१ए६ नावाचे जनुक मांजरात निकामी आहे. ही उणीव केवळ आपल्या घरच्या मनीची नाही. सिंह-वाघांसह मार्जारकुळातील ज्या ज्या जाती तपासल्या गेल्या, त्या सर्वांत ती आढळली. लाखो वर्षे केवळ मांस खाऊन जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतील रसायने मोडण्याची गरज फारशी पडली नाही, असे अभ्यासक मानतात. याच कारणामुळे आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आता सुगंधी तेलांकडे पाहा. लवंगेच्या तेलातील युजेनॉल, ओव्याच्या तेलातील थायमॉल आणि गंधपुऱ्याच्या तेलातील मिथिल सॅलिसिलेट ही सर्व याच मार्गाने बाहेर पडणारी द्रव्ये आहेत. माणसाच्या शरीरातून जे काही तासांत निघून जाते, ते मांजराच्या शरीरात रेंगाळते आणि दररोज थोडे थोडे आत गेले तर साचत जाते. कापूर आणि निलगिरी यांचा परिणाम मेंदू व मज्जासंस्थेवरही होतो. जास्त मात्रेत झटके येतात.

दुसरी बाब मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. मांजराला तेल प्यावे लागत नाही. पाण्याची वाफ उडवणारा डिफ्यूझर तेलाचे अतिसूक्ष्म तुषार हवेत सोडतो, ते अंथरुणावर, सोफ्यावर आणि मांजराच्या केसांवर बसतात, आणि मांजर जागेपणीचा बराचसा वेळ अंग चाटण्यात घालवते. म्हणजे हवेत सोडलेले तेल शेवटी तिच्या पोटात जाते. म्हणून घरात कोणतीही वास असलेली वस्तू आणताना मी एवढेच विचारते की ही मांजराच्या केसांवर किंवा पंजांवर बसेल का.

सातपूरचे_काका
डॉक्टरीणबाईंचा पूर्ण आदर राखून वेगळा अनुभव नोंदवतो. माझे बालपण पंचवटीतील वाड्यात गेले. दररोज तिन्हीसांजेला आजी निखाऱ्यावर ऊद, गुग्गुळ आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून सगळ्या वाड्यात धुरी फिरवायची. वाड्यात मांजरे कधीही चार-पाचच्या खाली नसत, आणि त्यांतील एक तर पंधरा वर्षे जगली. शेकडो वर्षे चालत आलेली गोष्ट एकाएकी विष कशी ठरते, हे मला पटत नाही.

पेठरोडची_मृणाल
काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्या वाड्याला मधोमध चौक होता ना? माझ्या मावशीचा वाडाही तसाच होता. धुरी आली की मांजरे कौलांवर चढून बसायची आणि धूर विरला की खाली यायची. आमच्या आजच्या घरात खिडकी बंद केली, तर मांजराने जायचे कुठे? चिंगी सिलिंडरच्या मागे जाऊन बसली, हे तिचे कौलांवर चढणेच आहे.

सातपूरचे_काका
चौक होता, हे बरोबर आहे. धुरी सुरू झाली की मांजरे दिसेनाशी व्हायची, हेही आता आठवले. याकडे मी कधी त्या नजरेने पाहिले नव्हते.

पशुवैद्य_देवळाली
काकांच्या मुद्द्यात आणखी एक बाब आहे. पाला वेगळा आणि तेल वेगळे. भरपूर पाल्यातून थोडेसेच तेल निघते, त्यामुळे अंगणातील निलगिरीचे पान हुंगणारे मांजर आणि बाटलीतल्या तेलाचा थेंब अंगावर पडलेले मांजर यांच्यात फार मोठा फरक आहे. धुराने मात्र दमेकरी मांजरांचा त्रास निश्चितच वाढतो, मग तो धूर उदाचा असो की डास पळवणाऱ्या कॉइलचा.

नाशिकरोड_मीना
मला जे सांगायचे आहे ते गुडघ्यांबद्दल आहे, कारण मूळ प्रश्नात गुडघेदुखीचा उल्लेख आहे आणि नेमके तेच नजरेतून सुटते.

माझ्या आईला संधिवात आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती दररोज रात्री जेवण झाल्यावर गुडघ्यांना गंधपुऱ्याचे तेल चोळून, लुगडे गुडघ्याच्या वर सारून, पाय पसरून बसायची, म्हणजे तेल मुरेल. आमचा बोका बंडू तिच्या पोटरीवर हनुवटी टेकवून पडायचा आणि हळूहळू तिच्या गुडघ्याची कातडी चाटायचा. त्याच्या काटेरी जिभेचा खरखर आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा, आणि आई म्हणायची, "बघ, माझा लेक माझे पाय चेपतोय." आम्ही सर्व जण कौतुकाने पाहायचो. हे जवळपास तीन आठवडे चालले. मग त्याचे खाणे कमी झाले, उलट्या सुरू झाल्या, एकदा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट काहीतरी पडले, आणि तो धापा टाकू लागला. पहिल्या दवाखान्यात अपचन म्हणून औषध दिले. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी घरात कोणाला काही चोळायची सवय आहे का, असे विचारले, तेव्हा आईच्या तोंडून शब्द फुटेना. रक्त तपासले, सहा दिवस सलाइन लावले, आणि बंडू वाचला. पण त्यानंतर कित्येक महिने आईने त्याला मांडीवर घेतले नाही. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटू लागली होती.

म्हणून कळकळीने सांगते, केवळ डिफ्यूझर बंद करून थांबू नका. सासूबाई गुडघ्यांना काय लावतात, ते आजच विचारा.

गोदाकाठ_इंदिरानगर
मीनाताई, तुमचे वाचून मी उठून त्यांच्या उशाशी ठेवलेली बाटली पाहिली. गंधपुऱ्याचेच तेल आहे, आणि छातीला चोळायच्या मलमात कापूर, निलगिरी व पुदिन्याचे सत्त्व आहे. चिंगी पायाशी झोपायची ती त्याच पांघरुणात.

वैद्य_गणेशवाडी
मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि माणसांवर उपचार करतो, प्राण्यांवर नाही. तरीही आमच्या बाजूने एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. महानारायण तेलात कापूर असतो. विषगर्भ तेलात तर नावाप्रमाणेच बचनाग आणि धोत्रा या विषारी वनस्पती असतात, आणि ते केवळ बाहेरून लावण्यासाठीच आहे. ही तेले सांधेदुखीवर उपयोगी पडतात, पण ती माणसाच्या त्वचेसाठी आणि माणसाच्या वजनासाठी योजलेली आहेत. चार किलोच्या जिवाने ती चाटावीत, असे कोणत्याही वैद्याच्या मनात नसते.

माझ्याकडे येणारे अनेक जण "वनस्पतीचेच आहे, अपाय काय होणार" असे म्हणतात. बचनागही वनस्पतीच आहे, हे मी त्यांना सांगतो. रुग्णाच्या घरी मांजर आहे का, हे मी आता तेल देतानाच विचारणार आहे. इतक्या वर्षांत मला ते सुचले नव्हते.

अंबडचा_निखिल
पिसवांसाठी टी ट्री तेल (ऑस्ट्रेलियातील एका झाडाच्या पानांचे सुगंधी तेल) लावावे असे अनेक चित्रफितींत सांगतात. खोबरेल तेलात दोन थेंब मिसळले तर चालेल का?

पशुवैद्य_देवळाली
लावू नका. कुत्री आणि मांजरे यांना शंभर टक्के शुद्ध टी ट्री तेलामुळे झालेल्या विषबाधांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. २००२ ते २०१२ या काळातील ४४३ प्राण्यांच्या नोंदी त्यात आहेत. लाळ गळणे, सुस्ती, पाय लटपटणे, अंग थरथरणे ही लक्षणे साधारण २ ते १२ तासांत दिसू लागली आणि काही प्राण्यांत ७२ तासांपर्यंत टिकली. मला अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. त्यांतील ८९ टक्के घटनांत तेल सांडलेले नव्हते. मालकांनी ते स्वतःच्या हाताने, बरे व्हावे म्हणून लावले होते.

दोन थेंबांनी भागेल की नाही, हे घरी मोजता येत नाही, कारण मांजराचे वजन, वय आणि यकृताची स्थिती प्रत्येक वेळी वेगळी असते. खोबरेलात मिसळलेले तेल तर ते आणखी आवडीने चाटते. हेच निंबोळी तेलालाही लागू आहे. पिसवांसाठी बारीक दातांची फणी, सापडलेल्या पिसवा बुडवायला साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि अंथरुणे गरम पाण्यात धुणे हे सुरुवातीचे उपाय आहेत. त्याने भागले नाही, तर मांजरासाठीच तयार केलेले औषध डॉक्टरांकडून घ्यावे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत. त्याने झटके येऊन मांजरे दगावतात, आणि कुत्र्याला ते लावले असेल तर निदान ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

कॉलेजरोड_अस्मिता
गॅलरीतील कुंड्यांचे काय? आमच्याकडे तुळस, गवती चहा, पानओवा, कोरफड आणि पुदिना आहे, आणि आमचे मांजर सगळ्यांना तोंड लावते.

मखमलाबादकर
तुळशीचे एखादे पान चावल्याने आमच्या तिन्ही मांजरांना कधी काही झाले नाही, आणि रानतुळस तर त्यांच्या बिछान्याजवळच वाढलेली असते. गवती चहा आणि पुदिना जास्त खाल्ला तर पोट बिघडते. पानओव्याने उलट्या-जुलाब होतात, म्हणून आम्ही तो उंच टांगला आहे. कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने जोराचे जुलाब होतात, त्यामुळे तीही वर ठेवावी. कण्हेर घरात आणूच नका. ती हृदयावर आघात करते. मांजराला हिरवे खायचेच असते, तर एका उथळ कुंडीत गहू पेरा. आठ दिवसांत गव्हांकुर वीतभर वाढतात, आणि मग आमच्या मांजरांना बाकीच्या कुंड्यांची आठवण राहत नाही.

पशुवैद्य_देवळाली
यात लिलीचा उल्लेख राहिला, आणि तो राहून चालणार नाही. वाढदिवसाला मिळणाऱ्या पुष्पगुच्छांत मोठ्या पाकळ्यांच्या, केशरी परागांच्या खऱ्या लिली हल्ली सर्रास असतात. त्यांचे पान, पाकळी, नाकाला लागलेले पराग, एवढेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करते. १८ तासांच्या आत सलाइन सुरू झाले तर वाचण्याची आशा चांगली असते. मांजर धडधाकट दिसते आहे म्हणून वाट पाहू नका. आपला निशिगंध आणि पांढरी पीस लिली या खऱ्या लिली नव्हेत; पीस लिलीने तोंडाची आग होते, पण मूत्रपिंडे जात नाहीत.

मखमलाबादकर
धाग्यात इतके भयावह वाचून झाले आहे, तर मांजराला मनापासून आवडणाऱ्या एका वनस्पतीबद्दलही लिहितो. आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर पावसाळ्यात खोकली नावाचे तण माजते. कपासारख्या हिरव्या छदांचे (फुलालगतच्या पानांचे) तुरे असलेले ते साधे रोप आहे. मी ते उपटून ढीग करत होतो, तेव्हा आमची ठमी कुठूनशी धावत आली, पानांकडे ढुंकूनही न पाहता मातीने माखलेल्या मुळांवर गाल घासू लागली, आणि मग चारी पाय वर करून त्या ढिगात लोळली. पाच-दहा मिनिटांनी उठली, अंग झटकले आणि काही घडलेच नाही अशा थाटात निघून गेली. परदेशात कॅटनिप नावाची पुदिन्याच्या कुळातील वनस्पती मिळते, तिचाही परिणाम असाच होतो. त्यातील नेपेटालॅक्टोन नावाच्या द्रव्याचा मोह साधारण तीनांपैकी दोन मांजरांना पडतो, आणि हा गुण आईवडिलांकडून येतो. लहान पिल्लांवर त्याचा परिणाम होत नाही. वाळलेला कॅटनिप आता आपल्याकडेही प्राण्यांच्या दुकानांत मिळतो. मात्र त्याचे तेल घेऊ नका, वाळलेली पानेच घ्या.

पेठरोडची_मृणाल
मृगानंतर आमच्याही सोसायटीत खोकली उगवते. या वर्षी मुळासकट आणून पाहीन. फरशी पुसण्याबद्दल एक जोडते: पाइन तेलाचे फिनेल पाण्यात पांढरे होते, ते फरशी वाळल्यावरही तिच्यावर राहते, मांजर त्यावरून चालते आणि पंजे चाटते. आम्ही आता साधा साबण आणि गरम पाणी वापरतो, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने एक हात मारतो.

नाशिकरोड_मीना
समजा अंगावर तेल सांडलेच, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावे? नाशिकरोडहून रात्री निघाले तरी अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास फार मोठा असतो.

पशुवैद्य_देवळाली
मांजर शुद्धीवर असेल आणि नीट श्वास घेत असेल, तर तेल लागलेला भाग कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण यांनी दोनदा-तीनदा धुवावा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, पसरते. मग टॉवेलने कोरडे करून उबेत गुंडाळावे, कारण ओले मांजर थंडीत लगेच गारठते. उलटी करवू नये. तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना सूज येते. दूध, मिठाचे पाणी, कोळशाची पूड यांपैकी काहीही पाजू नये. झटके येत असतील किंवा ते तोंड उघडून श्वास घेत असेल, तर धुण्यात वेळ न घालवता निघावे. आणि बाटली सोबत आणावी. काय वास होता, हे सांगण्यापेक्षा बाटलीवरचे घटक वाचून आम्हाला फार लवकर दिशा मिळते.

गोदाकाठ_इंदिरानगर
पाच दिवसांनी लिहीत आहे. डॉक्टरांनी चिंगीची छाती तपासली, रक्त पाहिले. श्वासनलिकेला सूज होती. यकृताचे आकडे किंचित वाढलेले होते, मूत्रपिंडे ठीक होती. दोन दिवस औषध सुरू होते. पांघरुणे, उशांचे अभ्रे आणि पडदे धुतले, आणि तिलाही एकदा कोमट पाण्याने अंघोळ घातली. दुसऱ्या रात्रीपासून लाळ थांबली. पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचे आहे.

सासूबाईंना कसे सांगावे, याचे मला ओझे वाटत होते. शेवटी मी त्यांना मीनाताईंचा बंडूचा अनुभव मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच उठल्या, तेलाची बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, मला कुणी सांगितलंच नाही." आता तेल त्या दुपारी लावतात, दार लावून, वर जुन्या सुती धोतराची पट्टी बांधतात, आणि संध्याकाळी गुडघे साबणाने धुतात. रात्री गरम पाण्याची पिशवी घेतात. खोकल्यासाठी साध्या पाण्याची वाफ, कशाचाही थेंब न टाकता. आरतीचा कापूर त्या गॅलरीत लावतात आणि विझल्यावर तबक घासूनच आत आणतात. न जळलेली कापराची वडी कुठे पडलेली नाही ना, हे त्या चष्मा लावून पाहतात.

काल रात्री चिंगी परत त्यांच्या पायाशी येऊन झोपली. आधी तिने पांघरूण बराच वेळ हुंगले.

एक शंका राहिली. कपाटातील लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या आहेत आणि चिंगीला त्या कपाटात शिरायला आवडते. त्याही काढाव्यात का?

पशुवैद्य_देवळाली
हो, आजच काढा. डांबरगोळ्यांतील नॅप्थलिनने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कपडे उन्हात टाका आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.